चार बाय सहाचा तानपुरा

आमच्याकडे पाणी सकाळी सहाला येतं आणि सातला जातं. त्या एका तासात बिल्डिंगमधल्या सगळ्या घरांचं सगळं उरकायचं असतं, टाकी भरा, पिंप भरा, मशीन लावा, आंघोळी आटपा, आणि नेमका त्याच तासात आमचा डक्ट गायला लागतो. मुंबईत राहणाऱ्याला डक्ट म्हणजे काय ते सांगायला नको, पण गावाकडून कोणी वाचत असेल तर सांगतो, बिल्डिंगच्या पोटात तळमजल्यापासून गच्चीपर्यंत एक उभी पोकळी सोडलेली असते, सगळ्यांच्या बाथरूमच्या काचपट्ट्यांच्या खिडक्या त्यात उघडतात, ड्रेनेजचे पाईप तिथूनच खाली जातात, कबुतरांची घरटी पण तिथेच. सात मजल्यांचा सिमेंटचा कर्णाच तो. तिसऱ्या मजल्यावर मी नळाखाली बादली लावतो तेव्हा वरचे कोणीतरी काका अभंगाचं ध्रुवपद घोळवत असतात, फक्त ध्रुवपद, पुढच्या कडव्याला कधी हात घालत नाहीत. त्यांच्याही वर कुठेतरी एक बाई जुन्या हिंदी गाण्याच्या दोनच ओळी दहा वेळा म्हणतात आणि दहाव्यांदा पहिल्यापेक्षा खरंच छान म्हणतात. खालून कॉलेजच्या एका मुलाचं रॅप येतं.

आपल्याला कोणी ऐकतंय असं ह्यांच्यापैकी एकाच्याही मनात नसतं, ते आवाजावरूनच कळतं. त्या बाई कोण ते मला एकदा लिफ्टमध्ये कळलं, त्या फोनवर बोलत होत्या आणि माझ्या लक्षात आलं की अरे, दोन ओळीवाल्या त्या ह्याच. मी काही बोललो नाही. का नाही बोललो ते पुढे येईलच.

माणसं बाथरूममध्ये गातात कशाला, ह्यावर गेलं वर्षभर माझं डोकं चाललंय. थोडं वाचलं, थोडं टेप घेऊन मोजलं, आणि बरंचसं आमच्याच घरात घडलं.

मी वाढलो लालबागच्या चाळीत. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी. मोरी म्हणजे कमरेएवढी भिंत, वर दोरीला पडदा, आत पाण्याचं पिंप आणि बाजूला पालथी घातलेली भांडी. आंघोळ करणारा आणि चहा पिणारा ह्यांच्यामध्ये एक पडदा, बास. तिथे कोण गाणार? आई तर सगळे पुरुष बाहेर गॅलरीत गेल्याशिवाय आंघोळीला बसायची नाही आणि बसली की पाच मिनिटांत उठायची. दाराआड गायची आम्हाला एकच जागा माहीत होती, मजल्याच्या टोकाचा संडास, आणि तिथलं गाणं काही हौसेचं नव्हतं. एका दाराची कडी कायम तुटलेली असायची. माझी आजी पक्की मालवणी, डबा हातात देताना सांगायची, "गाणा म्हण रे, मगे कोण दार ढकलूचो नाय." मग मी शाळेतली प्रार्थना, पाढे, जे तोंडाला येईल ते मोठ्याने म्हणत बसायचो. बंद दाराआड गाणं म्हणजे ‘आत मी आहे’ असं सांगणं, हे माझ्या डोक्यात तिथेच पक्कं झालं असणार.

आजीचं स्वतःचं गाणं मात्र चाळीत आल्यावर बंदच पडलं. गावाला असताना पहाटे जात्यावर बसली की ओवीमागून ओवी यायची म्हणे. आम्ही नातवंडं हट्ट करायचो की आजी एक तरी म्हण ना, तर म्हणायची, "जात्याशिवाय ओवी सुचणा नाय." लहानपणी मला वाटायचं ती टाळतेय. आता वाटतं ती अगदी अचूक बोलत होती. जात्याची ती घरघर म्हणजे तिचा आधारस्वर पण होता आणि तिचा पडदा पण होता. पहाटेच्या अंधारात, घरातले पुरुष झोपलेले, दगडावर दगड फिरतोय, त्या आवाजाआड बाईने सासूबद्दल, माहेराबद्दल, मनात असेल ते बोलून घ्यायचं, आणि कोणी ऐकलंच तरी ते दळण होतं, गाणं नव्हतं. हेमा राईरकर आणि गी पॉयट्वाँ ह्या दोघांनी गावोगाव फिरून अशा ओव्या जमवल्या, त्या एक लाखाच्या वर भरल्या. एक लाख! आणि त्या म्हणणाऱ्या बायांपैकी बहुतेकींना कोणी गायिका म्हटलं नसेल.

बाबा गिरणीत होते, साचेखात्यात, म्हणजे कापड विणायचे माग चालतात तिथे. साच्यांचा खडखडाट ज्याने ऐकलाय त्यालाच माहीत, शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, म्हणून साचेखात्यातली माणसं घरी आली तरी मोठ्यानेच बोलायची. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी चार वर्षांचा होतो. बाबा परत साच्यावर उभे राहिले नाहीत, मग जी मिळेल ती नोकरी केली, पण चाळीतलं भजन त्यांनी सोडलं नाही. बुवा पेटीवर, एक पखवाज, आणि मागे टाळ घेऊन दहा-बारा जणांचा कोरस. बाबा कोरसमध्ये, मागच्या रांगेत, खांबाला टेकून. बुवांनी ओळ टाकायची आणि ह्यांनी ती उचलायची. बुवांची पट्टी उंच, बाबांना ती ओढून गाठावी लागायची, मानेच्या शिरा ताणलेल्या मला अजून दिसतात. एकट्याने गाताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं, ते एकटे गात असतील असं मनातसुद्धा आलं नव्हतं.

2009 मध्ये आम्ही भांडुपला वन बीएचके घेतला. पहिल्या दिवशी सकाळी बाबा आंघोळीला गेले. कडी लागल्याचा आवाज आला, नवी कोरी कडी, मग दोनदा दार ओढून बघितल्याचा आवाज, नीट लागलीय ना ते. मग नळ. मग पहिला तांब्या आणि ‘हर हर गंगे’. मग बराच वेळ नुसतं पाणी. आणि मग एक अभंग सुरू झाला, आधी तोंडातल्या तोंडात, पहिलं कडवं होईपर्यंत पूर्ण गळ्यातून, आणि त्यात बुवाही तेच आणि कोरसही तेच, ओळ टाकायची, थांबायचं, आणि आपणच उचलायची. शिरा ताणून नाही, आरामात, खालच्या पट्टीत. मी आणि आई किचनमध्ये उभे. आईचे हात कणकेत. ती एवढंच म्हणाली, "हा ह्यांचा आवाज?" पस्तीसेक वर्षांच्या संसारात तिने पण तो एकटा असा पहिल्यांदाच ऐकला होता.

तेव्हा मी हे सगळं कडीवर ढकललं होतं. आयुष्यात पहिल्यांदा माणसाला आतून बंद होणारं दार मिळालं, गाणारच. ते खरंच आहे, मुंबईत एक माणूस एकटा असण्याची जागा म्हणजे बाथरूम, दुसरी कुठली सांगा. पण नुसत्या एकटेपणाने हे होत असतं तर माणसं रिकाम्या बेडरूममध्ये पण गायली असती. तिथे आपण गात नाही, आणि गायलो तर दोन ओळींत गप्प होतो, कारण आवाज तोंडातून निघतो आणि गादीत, पडद्यात, कपाटावरच्या कपड्यांच्या गठ्ठ्यात जाऊन जिरतो. परत काही येत नाही.

बाथरूममध्ये परत येतं. टाइल्स आवाज पितच नाहीत म्हटलं तरी चालेल, शंभरातला एखाद-दोन टक्का खातात आणि बाकी सगळा परत फेकतात. कुठली वस्तू किती आवाज खाते हे नीट मोजणारा पहिला माणूस म्हणजे हार्वर्डचा वॉलेस सबाइन. 1895 मध्ये त्याच्याकडे एक व्याख्यानाचा हॉल आला, तिथे बोललेला शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, म्हणजे पुढचं वाक्य आलं तरी मागचं हवेतच. तर ह्या माणसाने काय केलं, रात्री शहर शांत झालं की शेजारच्या थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून हॉलमध्ये आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची, आणि आवाज मरायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायचं, मग अजून गाद्या, परत मोजायचं, आणि सकाळच्या आत सगळ्या गाद्या परत. त्यातून त्याने जे सूत्र काढलं ते जगभर आजही वापरतात. मी ते आमच्या बाथरूमला लावून बघितलं, तर जवळजवळ एक सेकंद आला. एक सेकंद म्हणजे गाण्यासाठी फार छान. एका सुरावरून दुसऱ्यावर जाताना मधली फट भरून निघते, बारीक कंप झाकला जातो, श्वास घेतला तरी सूर लगेच तुटत नाही. मग मी दाराला टांगलेले दोन ओले टॉवेल आणि बाबांचं धोतर बाहेर काढून परत गाऊन बघितलं. फरक कळतो, कोणीही करून बघा.

पण खरी गंमत त्याच्या पुढे आहे आणि ती मला कळली त्या दिवशी मी आंघोळ सोडून स्टुलावर मोबाइलचा कॅल्क्युलेटर घेऊन बसलो होतो.

आमचं बाथरूम चार फूट रुंद, सहा फूट लांब आणि वर माळ्याचा स्लॅब आठ फुटांवर. मुंबईत हजारो बाथरूम ह्याच मापाची असतील. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 1125 फूट जातो. ह्या भिंतीवरून त्या भिंतीवर चार फूट आणि परत चार फूट, झाले आठ, 1125 ला आठने भागा, 140 येतात. म्हणजे सेकंदाला 140 वेळा हलणारा सूर तुम्ही लावलात की भिंतीवरून परत आलेली लाट आणि गळ्यातून निघालेली नवी लाट बरोबर एकमेकींवर बसतात, एकीत एक मिसळून सूर फुगतो. आता पेटीवर काळी एक, म्हणजे सप्तकातली पहिली काळी, 138 च्या जरा वर. किंचित चढी काळी एक झाली ही! आणि काळी एक म्हणजे कितीतरी पुरुषांची गायची पट्टी, ज्या सुराला सा धरून ते गातात ती, बाबांची तर आहेच, म्हणजे बुवांच्या पट्टीतून सुटल्यावर त्यांची स्वतःची म्हणून जी निघाली ती.

मग सहा फुटांचं काढलं, 94. मग आठ फुटांचं, 70. आणि इथे माझ्या अंगावर काटा आला. 140 जर षड्ज, म्हणजे सा, धरला तर 70 म्हणजे बरोबर त्याच्या निम्मा, खर्जातला षड्ज. आणि 94 म्हणजे मंद्र, म्हणजे खालच्या, सप्तकातला शुद्ध मध्यम, म. ज्यांनी तानपुरा बघितलाय त्यांच्या लक्षात आलं असेल. तानपुऱ्याच्या चार तारा, मधल्या दोन जोडीच्या षड्जात, चौथी खर्जाच्या षड्जात, आणि पहिली बहुतेक वेळा पंचमात, पण मालकंससारखा पंचम, म्हणजे प, न घेणारा राग गायचा असेल तर मध्यमात. म्हणजे बिल्डरने आम्हाला स्क्वेअर फुटाच्या भावाने जे विकलं ते मध्यमात लावलेला तानपुरा आहे, आणि आम्ही इतकी वर्षं त्यात साबण ठेवतोय.

करून बघायचं असेल तर सोपं आहे. तोंड मिटून अगदी खालच्या सुरावर गुणगुणायला लागा आणि हळूहळू वर चढत जा, मध्येच एका जागी सगळी खोली भरल्यासारखी होते, छातीला जाणवतं, कोणीतरी मागून साथ धरली असं वाटतं. तो तुमच्या बाथरूमचा सूर. मधोमध उभं राहून हे नीट लागत नाही, कोपऱ्याकडे तोंड करा, कोपऱ्यात सगळ्या लाटांचा जोर असतो. आमच्याकडे नळ कोपऱ्यातच आहे, त्यामुळे बादलीसमोर स्टुलावर बसलेला माणूस आपोआप तिकडे तोंड करून बसतो. आणि दर बाथरूमचा सूर वेगळा. आमच्या आत्याकडे अंधेरीला बाथरूम पाच फूट रुंद आहे, तिथला सूर 112 वर जातो, बाबा तिकडे राहायला गेले की आंघोळ करून गुपचूप बाहेर येतात. विचारलं तर म्हणाले, "तिकडे आवाज बसत नाही." त्यांना हे आकडे कोणी सांगितले नव्हते.

बाकी कारणं लोकांना माहीत असतात, पटकन सांगतो. गरम पाण्याची वाफ घशाला बरी वाटते, गाणारे मुद्दाम वाफ घेतातच. गार पाण्याचा पहिला तांब्या अंगावर पडला की श्वास आपोआप आत ओढला जातो, भरलेली छाती रिकामी तर करावीच लागते, आणि ती आवाजासकट रिकामी होते, ‘हर हर गंगे’ हे त्या जागेला इतकं चपखल बसतं ते उगाच नाही. गाताना श्वास पटकन घेतो आणि सावकाश सोडतो, आणि सावकाश सोडलेल्या श्वासाबरोबर हृदयाचे ठोके उतरतात, अंग सैल पडतं. बाबा तर पहिल्या तांब्याला सात नद्यांचा श्लोक म्हणतात, गंगा, यमुना, गोदावरी, सरस्वती, नर्मदा, सिंधू, कावेरी ह्या सगळ्या माझ्या ह्या पाण्यात या, असा. मला त्यात एक गोष्ट फार आवडते, मुंबईला पाणी येतं ते पण सात तलावांचं, विहार, तुळशी, तानसा, मोडकसागर, अप्पर वैतरणा, मध्य वैतरणा आणि भातसा. त्यातला विहार सगळ्यात आधीचा, 1860 चा. आणि त्यातलं बरंचसं पाणी आमच्या भांडुपच्याच कॉम्प्लेक्समध्ये शुद्ध होऊन पुढे शहरात जातं. तांब्यात सात नद्या नसतील, सात तलाव तरी आहेतच.

पण नळाचा आवाज, त्यावर मला जरा थांबायचंय.

एटिएन लोंबार्ड नावाचा फ्रेंच डॉक्टर होता, कानाघशाचा. त्याने 1911 मध्ये दाखवून दिलं की माणसाच्या कानावर गोंगाट पडायला लागला की त्याचा आवाज आपोआप मोठा होतो, तो ठरवून करत नाही, आणि गोंगाट बंद केला की आपोआप खाली येतो. साच्यांच्या खडखडाटात माणसांचा गळा चढायचा त्यातही हेच असणार. सकाळच्या लोकलमध्ये भजनी मंडळी बसलेली असतात, गाडी स्टेशनातून सुटून वेग घेते तसा त्यांचा गळा पण चढत जातो, हे रोज जाणारा कोणीही सांगेल. बादलीत धो धो नळ चालू असतो तेव्हा हेच होतं. पाण्याचा आवाज म्हणजे सगळे सूर एकदम, त्यात आपला चुकलेला सूर बुडतो, आपल्यालाच नीट ऐकू येत नाही, म्हणून आपण अजून गळा उघडतो. आजीचं जातं आणि आमचा नळ, काम तेच.

आता माझ्या मुलीचं. बारा वर्षांची आहे. आधी गाण्याच्या क्लासला जायची, प्रारंभिकची परीक्षा दिली, चांगले मार्क मिळाले, पुढच्या वर्षी म्हणाली मला नाही जायचं. आम्ही जबरदस्ती केली नाही. पण बाथरूममध्ये गायची. काय काय गायची, क्लासमधले अलंकार, जिंगल, आजोबांचा अभंग, मैत्रिणीकडून ऐकलेली कोरियन गाणी, सगळं एकात एक. तिची पट्टी काळी चार. आमच्या बाथरूममध्ये त्या पट्टीचा मध्यम जबरदस्त लागतो, मी हिशोब केलाय, 281 च्या आसपास 140 ची दुप्पट, 94 ची तिप्पट आणि 70 ची चौपट होते, म्हणजे चार, सहा आणि आठ फुटांच्या तिन्ही लाटा एकाच जागी येतात. तिला हे काही माहीत नव्हतं, पण ती त्या सुरावर जाऊन थांबायची. नुसती थांबायची तिथे, दम संपेपर्यंत.

मागच्या वर्षी पावसाळ्यात एक दिवस ती असाच तो सूर धरून उभी होती आणि मला राहवलं नाही. मी दाराबाहेर मोबाइल धरला, दीड मिनिट रेकॉर्ड केलं, आणि फॅमिली ग्रुपवर टाकलं. कौतुकानेच टाकलं. धडाधड अंगठे आले, टाळ्या आल्या, कोणी म्हणालं हिला ऑडिशनला पाठवा, कोणी म्हणालं छान आहे पण शब्द स्पष्ट हवेत, कोणी म्हणालं रोज रियाज केला तर कुठच्या कुठे जाईल. संध्याकाळी तिने आईच्या मोबाइलवर ते बघितलं. रडली नाही, भांडली नाही. एकदा शेवटपर्यंत ऐकलं आणि मला विचारलं, "बाबा, माझा आवाज असा आहे?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला नंतर वाचून कळलं. आपण बोलतो-गातो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी ऐकू येतो, एक हवेतून कानावर, दुसरा कवटीच्या हाडांतून थेट आत. हाडांतून येणारा भरदार असतो, खर्जाचा. रेकॉर्डिंगमध्ये तो नसतोच, म्हणून जवळजवळ प्रत्येकाला स्वतःचं रेकॉर्डिंग पातळ, परकं वाटतं. त्यात मी केलेलं दाराबाहेरून, म्हणजे टाइल्सची साथ पण अर्धीमुर्धी. तिचा जो आवाज तिला आत, नळ चालू असताना, तीन लाटांच्या मध्ये उभं राहून ऐकू येत होता, तो मी तिच्याकडून काढून घेतला आणि हातात दिला बारक्या स्पीकरमधला. हे मी तिला त्या दिवशी सांगू शकलो नाही. सांगितलं असतं तरी उपयोग नव्हता म्हणा, कारण आवाज हा अर्धाच भाग. बाकीचा अर्धा हा की तिला कळलं, दाराला कान आहेत.

ती गायची थांबली. आंघोळ दहा मिनिटांत, नळ, तांब्या, कडी, बाहेर. एक महिना, दोन महिने, पाच महिने. मी ग्रुपवरून ते रेकॉर्डिंग काढून टाकलं, तिला सॉरी म्हटलं, ती म्हणाली, "ठीक आहे, बाबा." मी एकदा म्हटलं अगं गा ना, आम्ही कोणी ऐकत नाही, आणि बोलता बोलताच मला कळलं की हे वाक्य म्हणजे मोबाइल धरण्यापेक्षा वाईट आहे. माझे बाबा हॉलमध्ये पेपर वाचत होते, पेपर खाली न करता म्हणाले, "तिला काय सांगू नको. कडी तिने लावलीय ना, मग ती लावलेलीच राहू दे."

मग मला पंधरा वर्षांचं एक कोडं सुटलं. बाबा रोज सकाळी अभंग म्हणून बाहेर येतात आणि आई त्यांना चहा देते, आणि त्यावर आमच्या घरात एकदाही, एकदाही, कोणी काही बोललेलं नाही. आज छान लागला, आज घसा बसलाय का, ते कडवं परत म्हणा ना, काही नाही. मला वाटायचं आईला गाण्याचं विशेष नाही. आईने तो पहिल्या दिवशीचा एक प्रश्न मला विचारला, त्यांना नाही विचारला, कधीच नाही. बाबा आंघोळीला गेले की ती नेमकी भांडी घासायला घेते. मी आईला विचारलं की हे तू मुद्दाम करतेस का. ती म्हणाली, "ते गातायत आणि घर चिडीचूप असेल तर ते गातील का रे?"

लिफ्टमधल्या बाईंना मी का नाही बोललो, ते हे.

आमच्या सौ.ला मी हे सगळं सांगितलं. आम्ही ठरवलं असं काही नाही, पण मुलगी आंघोळीला गेली की घरात आवाज असायला लागला. टीव्हीवर बातम्या, कुकर, आईची भांडी. मी हॉलमध्ये मोठ्याने फोनवर बोलायचो. टॉवेल तेवढे मी बाथरूमच्या बाहेरच्या खिळ्यावर टांगायला सुरुवात केली, आत फक्त तिचा एक.

डिसेंबरमधली गोष्ट, रविवार होता, पाणी जायला वीसेक मिनिटं असतील. मी डोशासाठी खोबऱ्याची चटणी मिक्सरला लावली होती. मिक्सरच्या आवाजाच्या खालून काहीतरी आलं. शब्द नाही, नुसता आऽ. नळ चालू होता, वरून डक्टमधून काकांचं ध्रुवपद पण येत होतं, त्यामुळे आधी मला खात्री नव्हती. मग तो चढत गेला, आणि एका जागी जाऊन थांबला, आणि तिथेच थांबून राहिला. सौ. दुधाचं पातेलं हातात घेऊन दारात उभी, तिने पटकन माझ्याकडे हात केला, बंद कर, बंद कर, ऐकू दे. मी मान हलवली, नाही म्हणून. हॉलमध्ये बाबांनी बातम्यांचा आवाज एक घर वाढवला.

चटणी कधीच वाटून झाली होती. मी झाकणावर हात दाबून मिक्सर चालूच ठेवला.